लिफ्टमध्ये अडकलेली करारबाई

घासाघीस करावी तर ती भावपाड्यांनीच! बाकीच्यांनी पाकीट उघडावं आणि गप घरी जावं!

हे भावपाड्यांचं स्वतःचंच मत, बरं का. आडनाव त्यांचं वेगळंच आहे, पण जुन्या फर्निचरच्या बाजारात त्यांना याच नावाने ओळखतात. जन्मभर लोकांची जुनी कपाटं, टेबलं, पलंग विकत घेत आले. पद्धत ठरलेली. आधी नाक मुरडायचं. मग बोटाच्या पेरांनी मालावर टकटक करायची आणि नावं ठेवायला लागायचं. "लाकूड किडलंय. पाय डुगडुगतात. चोराने नेलं तर तोसुद्धा परत आणून देईल!" एवढ्यावर भागलं नाही तर उठायचं आणि दाराकडे चालू लागायचं. उंबऱ्याशी पोचायच्या आत मालकाची हाक येते, "अहो, थांबा, थांबा!" झालं काम! एकदा एका शिसवी कपाटाला त्यांनी इतकी नावं ठेवली, की कपाटाचं दार आपोआप उघडलं आणि आतून हुंदका ऐकू आला. मी तिथे नव्हते, पण ज्याने सांगितलं तो माणूस फारसा खोटं बोलणारा नव्हता.

गंमत म्हणजे, जो माल नको असेल त्याची ते तोंडभर स्तुती करायचे. "वा! काय टेबल आहे! राजाला शोभेल!" असं म्हणायचे आणि पुढच्या घरी जायचे. जे घ्यायचंच नाही त्याच्याशी भांडण कशाला?

विकायचं काम मात्र धाकट्या भावाचं. दुकानात गिऱ्हाईक आलं की भावपाड्यांनी मागच्या खोलीत जायचं, हा भावाचा कडक नियम होता. का, ते कळेलच.

त्यांच्या बायकोला सगळी इमारत थापाआजी म्हणते. आणलेला माल दुकानात जाण्याआधी दोन-चार दिवस यांच्या घरात मुक्कामाला असायचा. तेवढ्यात आजी त्याची गोष्ट रचायची. रात्री चालत जुन्या मालकाकडे जाणारा पलंग. वारा कोंडून ठेवलेलं कपाट. खोटं बोलणाऱ्याला उठू न देणारी खुर्ची. संध्याकाळ झाली की जिन्यावर पोरं गोळा व्हायची. मांडीला मांडी लावून पायऱ्या अडवून बसायची, आणि वरच्या मजल्यावरचे लोक खाली उतरायचं असलं तरी गोष्ट संपेपर्यंत वरच अडकायचे.

भावपाडे आत आरामखुर्चीत बसून ओरडायचे, "अगं, पलंग कधी चालतो का? काहीच्या काही! ना शेंडा ना बुडखा!"

"तुम्ही झोपा हो," आजी म्हणायची. आणि ते खरंच झोपायचे. एकाही गोष्टीचा शेवट त्यांनी आजवर ऐकलेला नव्हता.

तर या गोष्टी लेकीने टाइप करून एका प्रकाशकाकडे पाठवल्या, आणि चक्क त्याला आवडल्या! कराराचा मसुदा घरी आला. आजीने चष्मा लावला, वाचायला घेतला आणि मध्येच थांबली.

"अहो, 'मौखिक सादरीकरणासह सर्व स्वरूपांतील सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे.' मौखिक म्हणजे तोंडी ना?"

"तोंडीच."

"म्हणजे जिन्यावर पोरांना गोष्ट सांगायची, तर मी त्या प्रकाशकाला विचारायचं?"

भावपाड्यांनी मसुदा उलटसुलट करून पाहिला. दाराबाहेर कुणीतरी पोर चप्पल आपटत विचारत होतं, "आजी, येताय ना?" आजीने नुसतं दाराकडे पाहिलं. 

"मला छापून यायचंय हो," शेवटी ती म्हणाली. "पण तोंड गहाण टाकून नाही."

हे कळताच लेकीचा फोन आला. "आई, सही करू नकोस. माझ्या मैत्रिणीच्या ओळखीत एक बाई आहेत. लेखकांच्या वतीने करार बघतात. तुम्ही दोघं त्यांच्याकडे जा."

"बाई कशाला?" भावपाडे गरजले. "घरात मी असताना भाव करायला बाहेरचं माणूस? उद्या म्हणशील, शिंकायलाही माणूस ठेवा!"

"बाबा, तुम्ही बोलू नका हं तिथे."

"मी? मी तर एक शब्दही बोलणार नाही!" भावपाडे म्हणाले. नोंद करून ठेवा हे वाक्य.

*

त्या बाईंना पुस्तकवाल्यांच्या जगात करारबाई म्हणतात. चणीने एवढीशी, कानामागे पेन्सिल, खांद्याला कापडी पिशवी, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं, की चार गल्ल्यांपलीकडच्या प्रकाशकांना उचक्या लागतात म्हणे! मसुदा हातात घेतला आणि तिने तो शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

"अहो बाई, उलटा धरलाय," भावपाडे म्हणाले.

"सुलटाच आहे. गोड हसू पहिल्या पानावर असतं, काका. दात शेवटच्या पानावर असतात."

ती वाचत गेली, आणि एकेका कलमापाशी असं "अच्छा!" म्हणत गेली, जणू शेजारणीची भानगड ऐकतेय. आजी तर खुर्ची पुढे ओढून बसली. कराराच्या कागदात इतकी मजा असते, हे तिला माहीतच नव्हतं!

"प्रकाशक वाईट नाही," वाचून झाल्यावर करारबाई म्हणाली. "कपडे शिवायला टाकले की शिंपी जरा जास्त कापड मागतो ना, तसं आहे हे. आपण मापाने द्यायचं. तोंडी हक्क तुमच्याकडे राहील. पण एक अट. मी पोचेपर्यंत तुम्ही दोघांनी तिथे काही बोलायचं नाही. चहा प्या. हवापाण्याच्या गप्पा मारा. पुस्तकाचा 'पु' काढायचा नाही."

"आणि फी?" भावपाड्यांचं नाक आपोआप मुरडायला लागलं.

करारबाईने आकडा सांगितला आणि त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. नाक अर्ध्यावरच थांबलं आणि शिंक आल्याचं सोंग करून पूर्ववत झालं.

*

प्रकाशकाची कचेरी तिसऱ्या मजल्यावर. जुनी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट, आणि लिफ्टच्या शेजारीच कचेरीचं दार. आत चहूकडे पुस्तकांचे गठ्ठे. पाहुण्यांना बसायलाही न खपलेल्या पुस्तकांचेच गठ्ठे! आजी कवितांवर बसली आणि भावपाडे आरोग्यविषयक सल्ल्यावर.

प्रकाशक मोठा अघळपघळ माणूस होता. "या आजी, या! करारबाई येतायत ना? वाट बघू. चहा?"

चहा आला. हवेबद्दल बोलून झालं. पाण्याबद्दल बोलून झालं. करारबाईचा पत्ता नाही. बाहेर लिफ्टची घंटा टर्रर्र वाजायला लागली.

"लक्ष देऊ नका," प्रकाशक म्हणाला. "ती लिफ्ट रोज अशीच बोंबलते."

टेबलावर आजीचं बाड पडलेलं होतं. चांगलं जाडजूड. भावपाड्यांची बोटं शिवशिवायला लागली. त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवला. हात सुटला. त्यांनी चहाचा कप धरला. चहा संपला! आणि त्या अघळपघळ माणसाने नेमकं विचारलं, "काय काका, तुम्हाला कसं वाटतं आजींचं पुस्तक?"

टक! टक! भावपाड्यांनी बोटाची पेरं बाडावर वाजवली. नाक मुरडलं. आणि जन्मभराची सवय धावत सुटली.

"खरं सांगू? यात काही दम नाही! आतून पोकळ! एका गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. पलंग काय चालतो, कपाट काय वारा कोंडतं! हे घेऊन तुम्ही ठेवणार कुठे?"

प्रकाशकाचा कप हवेतच थांबला. आजीचे डोळे असे मोठे झाले, की चष्म्यात मावेनात. पण करारबाईने सांगितलं होतं, बोलायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाचं तरी ऐकायचं ठरवलं होतं, आणि मुहूर्त हा असा!

बाहेर घंटा टर्रर्र, टर्रर्र.

"इतकं... वाईट आहे?" प्रकाशक म्हणाला.

"अहो, मी काय सांगतोय! घरचाच माल आहे, मला माहीत नाही का?" भावपाड्यांना आता सूर सापडला होता. समोरचा माणूस ढिला पडत चालला की त्यांना दिसायचं, आणि हा तर धडाधड ढिला पडत होता! "किती प्रती काढणार म्हणालात? त्याच्या निम्म्या काढा. निम्म्यासुद्धा जास्त होतील!"

"बरं," प्रकाशकाने टिपून घेतलं. "निम्म्या."

"बघितलंस?" भावपाड्यांनी विजयी नजरेने आजीकडे पाहिलं. आजीने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

"आणि विकत घेणार कोण? ही रोज जिन्यावर बसून या गोष्टी फुकट सांगते! पोरांना तोंडपाठ झाल्यात. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला पैसे कोण देईल?"

प्रकाशक सरळ होऊन बसला. "काय? रोज सांगतात? फुकट?"

"रोज!"

"मग हे बंद करायला हवं." प्रकाशकाने पेन उघडलं. "नाहीतर पुस्तक कसं खपणार? तोंडी हक्काचं कलम मी जरा सैल करायला तयार होतो, पण आता नाही जमायचं. उलट स्पष्टच लिहू. सही केल्या दिवसापासून आजींनी या गोष्टी कुठेही, कुणालाही सांगायच्या नाहीत."

घंटा थांबली. आजीने पदर तोंडातून काढला. चेहऱ्यावरचं सगळं हसू कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून घेतल्यासारखं गेलं होतं.

तेव्हा कुठे भावपाड्यांच्या डोक्यात उजेड पडला. आपण घ्यायला आलेलो नाही. द्यायला आलोय! ज्या मालाला नावं ठेवली तो आपलाच होता! धाकट्या भावाने गल्ल्यावर बसायची बंदी का घातली, तेही आठवलं. एकदा त्यांनी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला पटवून दिलं होतं, की हे कपाट घेण्यापेक्षा कपडे जमिनीवर ठेवलेले बरे!

आता काय करावं? पद्धतीतली एकच गोष्ट उरली होती. ते ताडकन उठले. "असं असेल तर आम्ही चाललो!" म्हणाले आणि दाराकडे निघाले. सावकाश. अगदी सावकाश. उंबरा आला. हाक आली नाही. उंबरा ओलांडला. हाक नाही. आत प्रकाशकाचा फोन वाजला होता आणि तो कुणाशी तरी कागदाच्या भावाबद्दल बोलत बसला होता.

भावपाडे बाहेर उभे. आत जावं तर लाज, खाली जावं तर बायको आत!

"काका," पायाशी आवाज आला.

भावपाडे दचकून भिंतीला चिकटले. लिफ्टच्या जाळीतून, त्यांच्या बुटांच्या उंचीवर, कानामागे पेन्सिल लावलेलं एक डोकं त्यांच्याकडे बघत होतं. करारबाई! लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती, आणि बाईचं नाक बरोबर फरशीच्या रेषेत आलं होतं.

"बाई! तुम्ही इथे कधीपासून?"

"तुमचा चहा संपायच्या आधीपासून. घंटा मीच वाजवत होते. हाकाही मारल्या, पण त्या तुमच्या आवाजात बुडाल्या. 'गप्प बसा' हे घंटेने सांगता येत नाही, एवढीच अडचण झाली."

"म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंत?"

"'आतून पोकळ' पासून."

भावपाडे जाळीसमोर उकिडवे बसले. "बाई, मला कितीही बोला. पण तिचं तोंड बंद झालं ना, तर त्या घरात मला झोप लागणार नाही हो."

करारबाईने गोळी या गालातून त्या गालात फिरवली. "प्रकाशकांना बाहेर बोलवा. करार आणि खुर्ची घेऊन."

"आधी लिफ्टवाल्याला बोलवू का?"

"त्याला फोन झालाय, येईल तो. मला काय घाई आहे? डबा आहे, पाणी आहे, आणि तुमचे प्रकाशक आहेत."

*

आता खरी बैठक बसली! प्रकाशक जाळीसमोर खुर्ची टाकून बसला, पण बाईचं तोंड दिसेना म्हणून स्टुलावर आला, स्टूलही उंच पडलं, आणि शेवटी तो फरशीवर मांडी घालून बसला. वर पंखा नाही. करारबाई खाली पिंजऱ्यात, तरी असं वाटत होतं की हाच तिच्या कचेरीत नोकरी मागायला आलाय!

"पान सरकवा," ती म्हणायची. जाळीखालून पान आत जायचं. पेन्सिलीचा खर्रकन आवाज, आणि पान बाहेर! 'कायमचे' गेलं आणि ठराविक वर्षं आली. पुस्तक संपलं आणि पुन्हा छापलं नाही, तर हक्क आजींकडे परत. पुढची सगळी पुस्तकं प्रकाशकाला? छे! पुढचं एक, आणि तेही फक्त आधी वाचायला मिळेल.

"पण बाई, यांचे यजमानच म्हणतात पुस्तकात दम नाही!" प्रकाशक कळवळला.

"हो, ऐकलं मी. घरच्या माणसाने इतकी नावं ठेवली?"

"अहो, विचारू नका!"

"तरी तुम्ही अजून इथे बसलायत. फरशीवर. घामाघूम." करारबाई गोड हसली. "माल एवढा टाकाऊ असेल तर उठून जा ना, साहेब. तुम्हाला कोण अडवतंय? अडकलेली मी आहे!"

प्रकाशक उठला नाही.

भावपाड्यांनी दोन्ही हात जोडले. मनातल्या मनात, पण जोडले! जन्मभरात असला डाव त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्याच नावं ठेवण्यातून बाईने किंमत वर नेली होती! प्रती पूर्ववत झाल्या, वर थोड्या वाढल्यासुद्धा.

"पण तोंडी कलम नाही सुटणार," प्रकाशक हट्टाला पेटला. "रेकॉर्डिंग निघतात आजकाल. माझं नुकसान आहे."

"रेकॉर्डिंग तुमचं. मान्य. पण समोरासमोर बसून सांगणं त्यांचं."

"नाही! फुकट ऐकलेलं कोण विकत घेतं?"

"बरं." करारबाईने डबा उघडला. "मग जेवते मी. आजी, तोवर वेळ जावा म्हणून सांगा एखादी. तुम्हाला बोलायची परवानगी आहे."

धरण फुटावं तसं झालं! आजी पुस्तकांच्या गठ्ठ्यावरून उठून जिन्याच्या पायरीवर येऊन बसली. "एक होती खुर्ची," तिने सुरू केलं. "खोटं बोलणारा बसला, की त्याला उठू द्यायची नाही. एकदा तिच्यावर एक बडा साहेब बसला आणि म्हणाला, 'मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही.' चिकटला! चौघांनी ओढलं, आठांनी ओढलं. शेवटी खुर्चीसकट कचेरीत जायला लागला. खुर्चीसकट झोपायचा. खुर्चीसकट न्हाव्याकडे गेला, तर न्हावी म्हणाला, 'वा, बसायला जागा घरूनच आणलीत!'"

लिफ्ट बंद म्हणून जिन्याने चढणारे लोक थांबले. शेजारच्या कचेरीतली माणसं दारात आली. लिफ्टवाला पान्हा घेऊन पोचला, आणि पान्हा मांडीवर ठेवून तोही पायरीवर टेकला.

"मग एक म्हातारी म्हणाली, एकच उपाय आहे. तुझ्या बायकोने एक प्रश्न विचारायचा आणि तू खरं उत्तर द्यायचं. बायकोला गाण्याचा भारी नाद, बरं का! आणि आवाज? मांजराची शेपटी दारात अडकावी तसा! ती बाई आली, खुर्चीसमोर उभी राहिली, आणि तिने विचारलं..."

"आजी, थांबा," करारबाई म्हणाली.

आजी थांबली.

"मग?" प्रकाशक म्हणाला.

"मग?" लिफ्टवाला म्हणाला.

"मग?" हा आवाज भावपाड्यांचा होता! त्यांना स्वतःलाच धक्का बसला.

"पुढचं तोंडी हक्कात येतं," करारबाईने रुमालाने तोंड पुसलं. "तो हक्क कुणाचा, हे अजून ठरलेलं नाही. उगाच कराराचा भंग नको."

"अहो पण मी तर ही गोष्ट वाचलीय!" प्रकाशक ओरडला. "मला शेवट माहीत आहे!"

"मग तुम्हाला का ऐकायचाय?"

मागून जिन्यावरचं कुणीतरी म्हणालं, "हे पुस्तक कुठे मिळेल हो?" आणि दुसरं म्हणालं, "आधी शेवट तर सांगा! साहेब, करा ना सही!" लिफ्टवाल्याने पान्हा उचलून असा धरला, की सही झाल्याशिवाय लिफ्ट काही हलणार नाही.

प्रकाशक हसायला लागला. मांडीवर थापा मारून हसला. पेन काढलं आणि तोंडी कलमावर स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारली. शेजारी सही.

"सांगा आजी!"

"तिने विचारलं, 'माझं गाणं कसं आहे?' आता 'चांगलं' म्हणावं तर खुर्ची सोडेना, आणि 'वाईट' म्हणावं तर बायको सोडेना! तो साहेब अजून त्याच खुर्चीत बसलाय. सुखात आहे म्हणे."

जिना असा हसला, की लिफ्ट पान्हा न लावताच गडगडली आणि वर आली. दार उघडून करारबाई बाहेर आली, पिशवी झटकली आणि सही केलेला करार आजीच्या हातात दिला. तो देताना ती थोडी वाकली. मी सांगते, ती बाई नामवंत लेखकांपुढेही वाकत नाही!

भावपाड्यांनी खिशात हात घातला आणि बाईने सांगितली होती ती फी, सांगितली तशीच, हातावर ठेवली. शिवाय खालपर्यंत तिची पिशवीही उचलून नेली. बाजारात ही बातमी कळली तेव्हा लोकांनी ती थाप समजून सोडून दिली.

*

पुस्तक आलं. पहिली प्रत आजीने भावपाड्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी टक टक केलं. नाक मुरडलं.

"बांधणी जरा ढिली वाटतेय," ते म्हणाले. "गोष्टी काहीच्या काही आहेत. ना शेंडा ना बुडखा." आणि प्रत उशीखाली सरकवली.

आजी बघत राहिली. मग एकदम कमरेवर हात ठेवून हसत सुटली. इतकी वर्षं हा माणूस रोज तिच्या गोष्टींना नावं ठेवत होता. रोज! एकदाही चांगलं म्हणाला नव्हता. आणि नको असलेल्या मालाला हा कधी नावं ठेवतो का?

तिचा जीव कसा सुपाएवढा झाला! दुपारी तिने मन लावून स्वयंपाक केला, गरम गरम वाढला.

भावपाड्यांनी पहिला घास घेतला. "वा!" ते म्हणाले. "काय झकास भाजी झालीय! राजाला शोभेल!"

आजीने मुकाट्याने वाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.